खांबाच्या आत कोणी नाही

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण मामाही माझ्यासोबत होता, आणि मामा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नाहीत.

रात्र नव्हती, भर दुपार होती. पण समुद्रावर धुकं इतकं दाट की हातभर अंतरावरचं दिसेना.

समुद्रातल्या पवनचक्कीला जहाज धडकलं, तर ती किती तग धरेल हे आम्ही तपासतो. त्या आठवड्यात इंजिन बंद पडलेलं एक मालवाहू जहाज वाहत येऊन एका चक्कीवर आदळलं होतं. पोलादी खांबाला मोठा पोचा पडला होता. जहाजावरची सगळी माणसं सुखरूप घरी पोहोचली होती. चक्कीवर तेव्हा कोणीच नव्हतं.

कोणीच नव्हतं.

मी दोराला लटकून पोचा बाहेरून तपासणार, मामा वरच्या दारातून आत उतरणार. आमची पद्धत ठरलेली. मी बाहेरून हातोडीने दोनदा ठोकायचं. मामाने आतून तीच जागा शोधून एकदा ठोकायचं, आणि तिथे तडा गेलाय का ते बघायचं.

"भाची असलीस तरी साहेब तूच. पण जरा हळू ठोक," असं बजावून मामा शिडी चढला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

थोडं थांबून मी ठोकलं.

टक्. टक्.

आतून उत्तर आलं... टक्.

खडूने खूण केली. पुढे सरकले. काम झपाझप होत होतं. म्हातारा आज भलताच जोरात आहे, म्हटलं.

मग मी हातोडी उचलली...

आणि ठोकायच्या आधीच उत्तर आलं.

"मामा, कसली घाई?" मी वॉकीटॉकीवर विचारलं.

"घाई? अगं, दार वाकलंय. केव्हाचा खटपट करतोय. मी अजून बाहेरच आहे."

मी हातोडी खाली घेतली.

टक्.

या वेळी आवाज खालून आला... माझ्या बुटांच्याही खालून.

मी त्याला सगळं सांगितलं. "मामा, बोट बोलव. निघूया."

वाटलं, तो हसेल. तो हसला नाही.

"आत माणूस असला आणि आपण पळालो, तर तुला घास उतरेल का?"

मी वर गेले. दोघांनी पहारीने दार उचकटलं. आतला मजला कोसळला होता. उभं राहायला जागाच नव्हती. खाली नुसतं काळं पाणी. मामाने घसा बसेपर्यंत हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही.

पण टॉर्च मारला, तर माझ्या खुणांच्या बरोबर मागे... प्रत्येक जागी रंग नुकताच उडालेला होता.

दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले. दोनदा. आत कोणी नाही, म्हणाले.

आता खांब मजबूत करायला त्यात काँक्रीट भरायचं आहे. उद्या सकाळी. त्याआधी 'आत कोणी नाही' असं लिहून सही हवी. मामाने हात वर केले. "माझ्याच्याने होणार नाही, बाई."

म्हणजे सही माझी.

मघाशी काँक्रीटवाल्या मुकादमाचा फोन आला. "मॅडम, आत कोणाला पाठवलंय का? कोणीतरी ठोकतंय."

"लाटा असतील," मी म्हटलं.

त्याने विचारलं, "लाटा अशा थांबून थांबून ठोकतात?"

मला भीती वाटतेय. आत कोणी नाही, हे मला माहीत आहे.

पण हे त्या ठोकणाऱ्याला कोण सांगणार?