वुई म्हणजे आम्ही की आपण?

मी भांडायला गेले होते. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे जे घडले त्यावरून कोणाचाही भलताच समज होईल.

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयाच्या बरोबर डोक्यावर इंग्रजी संभाषणाचा वर्ग निघाला होता. रोज संध्याकाळी पाच वाजता वीसेक खुर्च्या फरशीवरून फरफटत जात, आणि मग वीस प्रौढ माणसे एका सुरात एकमेकांना विचारीत, की तुम्ही कसे आहात. उत्तर कोणी ऐकून घेत असेल असे आवाजावरून वाटत नसे. खाली आम्ही दोन वर्षे 'आ' या अक्षरात होतो. मुख्य संपादकांनी आठवडाभर सोसले, मग कानातले यंत्र काढून खणात ठेवले आणि मला म्हणाले, "जरा वर जाऊन सांगून ये. नीट सांग हं. तुझ्या पद्धतीने नको."

वरच्या दारावर पाटी होती : येथे फक्त इंग्रजी. मातृभाषेतील प्रत्येक वाक्यामागे चहाचा एक कप विसळावा लागेल.

मी दार ढकलले, तोंड उघडले. वर्गाच्या सरांनी पाटीकडे बोट दाखवले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "इंग्लिश, प्लीज!"

माझी अडचण समजून घ्या. मला इंग्रजी येत नव्हते असे नाही. तीनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी गद्य मी तळटीपांसकट वाचते. त्यातल्या अर्धविरामांवरून वाद घालू शकते. कागदावर. परंतु 'खुर्च्या उचलून ठेवा' एवढे वाक्य जिभेवर येईना. शाळेने आम्हाला ही भाषा मेलेल्या भाषेसारखी शिकवली : वाचा, उतरवा, घोका, तोंड बंद ठेवा. आणि शाळेतून सुटल्यावर माणसाची लायकी ठरते ती तोंड उघडायला लावून. या व्यवस्थेची आखणी ज्याने कोणी केली असेल, त्याच्यासाठी 'आ'मधलेच काही निवडक शब्द मी राखून ठेवले आहेत. त्या क्षणी मात्र मला एकच सुचला.

"चेअर..." मी म्हणाले.

"येस! चेअर!" सर म्हणाले, आणि त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

समोर एकजण बसला होता. खिशात टेस्टर, नखांत ग्रीस, आणि डोळ्यांत उघडे, निर्लज्ज कुतूहल. तो लिफ्टची दुरुस्ती करीत असे. त्याचे इंग्रजी इथे मी मराठीत देते. मोडतोड मूळचीच आहे. 'यू'चे मी 'तुम्ही' केले आहे. तेव्हा तेच शोभले असते.

"मी आहे लिफ्टचा माणूस," तो म्हणाला. "तुम्ही आहात कशाची माणूस?"

मला फार वेळ लागला. "शब्द."

"शब्दांची? आणि तुम्ही तर बोलतच नाही!"

त्याच्या मूळ इंग्रजी वाक्यात तीन चुका होत्या. एकही मी दुरुस्त केली नाही, कारण ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तक्रार राहिलीच होती. तिसऱ्या दिवशी तिचे पहिले वाक्य तयार झाले. त्यात मदत त्याचीच. त्याला व्याकरण येत नसे आणि त्याची त्याला लाजही नसे. भरधाव बोलत सुटे, अडला की हातांनी वाक्य पुरे करी. मला सगळे नियम ठाऊक, आणि प्रत्येक नियमापाशी मी थबके. आमच्या जोडीत मिळून एक बोलणारा माणूस तयार होत असे.

त्याचे प्रश्न संपत नसत. "एका शब्दाला किती दिवस?"

"'आपण' या शब्दाला सातवा महिना चालू आहे."

"सात महिने!" तो पुढे झुकला. "काय बिघडलंय त्यात?"

आमच्या कार्यालयात चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी इतक्या नेमकेपणाने विचारला नसेल. मी अडखळत सांगत गेले : आमच्याकडे चिठ्ठ्या असतात, एकेका चिठ्ठीवर तो शब्द आलेले एकेक वाक्य, 'आपण'च्या एकेचाळीस आहेत. इंग्रजीत नुसते 'वुई'. आपल्याकडे दोन : 'आम्ही' म्हटले, की ऐकणारा बाहेर. 'आपण' म्हटले, की तोही आत.

त्याने क्षणभर विचार केला. मग टेबलावर बोटाने एक चौकोन काढला. "आम्ही : लिफ्टचं दार बंद, तुम्ही बाहेर. आपण : दार उघडं, या आत."

सात महिन्यांत मला इतकी चांगली व्याख्या सुचली नव्हती. हे मी त्याला सांगितले नाही. असूया नावाची वस्तू विद्वानांतच शुद्ध स्वरूपात आढळते.

पुढच्या सोमवारी पाच वाजले आणि वरून काहीच आवाज आला नाही. वर्ग बंद पडला की काय? हातातली चिठ्ठी मी तशीच टाकली. धावत वर गेले. वर्ग चालूच होता. प्रत्येक खुर्चीच्या प्रत्येक पायाला काळे रबर बसवलेले होते.

"लिफ्टचं उरलेलं," तो खांदे उडवून म्हणाला. "ऐंशी पाय. रविवार गेला." मग जरा थांबून, "आता तुमची तक्रार... संपली?"

"नाही," मी म्हणाले. इंग्रजीतले माझे पहिले उत्तर, जे मी मनात भाषांतर न करता दिले.

खाली मुख्य संपादकांनी चष्म्यावरून पाहिले. "आता आवाज नाही. मग रोज वर कशाला?"

"अभ्यासाला."

"अभ्यास 'अ'मध्ये झाला आपला. 'आ'मध्ये बघ काही बसतंय का. आवड आहे, आसक्ती आहे..."

"काका, यंत्र घाला कानात."

"घातलंय. म्हणून तर बोलतोय."

मग ती संध्याकाळ आली. विषय होता, पुढचे बेत. तो म्हणाला, "महिनाअखेर कंपनीची तोंडी परीक्षा. पास झालो, तर परदेश. दोन वर्षं. जूनमध्ये वुई जाणार."

वुई.

मी त्याच्याकडे पाहिले. तो टेबलावरच्या, केव्हाच पुसून गेलेल्या चौकोनाकडे पाहत होता. दार उघडे की बंद? कोण होते आत? बायको? वाग्दत्त वधू? चार मिस्त्र्यांची टोळी? साधा प्रश्न... आणि तो ज्या भाषेत विचारता येईल तिला त्या खोलीत बंदी. खरे सांगायचे तर पाटी ही सबब होती. मला उत्तराची भीती वाटत होती.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्याला परीक्षेसाठी तयार केले. तो सांगे, "उद्या मी गेलो", मी म्हणे, "जाईन." तो म्हणे, "जाईन." त्याचा भविष्यकाळ मी माझ्या हाताने दुरुस्त करून देत होते, आणि दुरुस्ती जितकी चोख, तितका तो लवकर जाणार होता. इतके निर्दोष मूर्खपण मी याआधी केले नव्हते.

तो पास झाला. सांगायला आला तो शेवटच्या वर्गात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या; मीही. टाळ्या थांबल्या, आणि माझे तोंड आपोआप उघडले. स्वच्छ मराठीत.

"वुई म्हणजे आम्ही की आपण?"

सरांनी एक बोट वर केले. एक कप.

"इंग्लिश, प्लीज..." तो हळूच म्हणाला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"इंग्रजीत विचारता येत नाही, म्हणून तर विचारतेय. सांगा."

तीन बोटे.

"आम्ही म्हणायला माझ्याकडे आहे कोण?" त्याने मराठीत सुरुवात केली आणि मग तो थांबेना. "एक आई. ती म्हणते, मी काही विमानात बसायची नाही, मी आपली धाकटीकडे राहीन."

"मग वुई कशाला म्हणालात?"

"म्हणून बघितलं... कसं वाटतं ते." तो नखातले ग्रीस कोरू लागला. "मराठीत आधी ठरवावं लागतं ना, दार उघडं की बंद. इंग्रजीत जराशी फट ठेवता येते. म्हटलं, कुणाला आत यायचं असेल तर..."

इतके आठवडे ज्या भाषेवर मी मनोमन खटला चालवीत होते, तिने एका भित्र्या माणसाला आडोसा दिला होता. आणि त्याच आडोशाच्या पलीकडे दुसरे भित्रे माणूस, मी, उभे होते. खटला मागे घ्यावा लागला.

सरांची बोटे केव्हाच संपली होती. "सगळेच कप विसळा आता," ते म्हणाले. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "सर, मराठी! तुम्हालाही एक कप!"

मोरीत तो विसळत होता, मी पुसत होते.

"मी येऊ शकणार नाही," मी म्हणाले. "चिठ्ठ्या इथे आहेत. 'आ' संपला की 'इ' आहे. काकांच्या डोळ्यांना आता झेपत नाही."

"माहितीय." त्याने एकच कप तिसऱ्यांदा धुतला. "मग... ते आपण वगैरे राहिलंच म्हणायचं."

"असं कुठंय?" माझा आवाज कार्यालयात येतो तसा आला, कोरडा, मला तेवढाच एक ठाम आवाज येतो. "एकेचाळीस चिठ्ठ्या तपासल्यात मी. आपण म्हणायला दोघं एका गावात असावीत, अशी अट एकाही वाक्यात नाही."

तो वळला. "काहीच अट नाही?"

"एक आहे. ज्याला म्हणायचं, तो ऐकत असला पाहिजे. रोज. दोन वर्षं."

"कुठल्या भाषेत?"

"चुका चालतील, त्या भाषेत."

नळाचे पाणी पत्र्यावर वाजत होते. त्याने हात पुढे केला आणि नळ घट्ट बंद केला.

"ऐकतोय," तो म्हणाला. "म्हण ना."

'म्हणा' नव्हे, 'म्हण'. हा फरकही इंग्रजीत करता येत नाही, आणि प्रथमच मला त्याचा राग आला नाही, आनंद झाला.

"आपण..." मी म्हणाले. पुढचे वाक्य जुळवायची मला मुळीच घाई नव्हती, आणि त्यालाही नसावी, कारण त्याने माझ्या हातातला कप काढून घेतला, खाली ठेवला, आणि हात मात्र सोडला नाही.