घाटाचं पान

त्या रविवारी अंजना शिरूरहून सकाळच्या एसटीनं दौंडला आली. चौफुल्याला गाडी अर्धा तास खोळंबली म्हणून थोडी कुरकुरली आणि हातपाय धुऊन ओट्यावर बसली. आबांनी शेगडीवर चहा टाकला होता. रेल्वेच्या शेडकडून कोळशाचा वास येत होता. हे सगळं गेली कित्येक वर्षं असंच चालत आलं होतं.

आबा म्हणजे शंकरराव. छत्तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढून ते निवृत्त झाले आणि मग त्यांनी एक खेळ रचला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं वहीतून वाचायचं, बाकीच्यांनी वाटसरू व्हायचं. वाचणारा ठिकाण सांगणार, कधी खोल आड, कधी पडकी चौकी, आणि वाटसरूंनी आपण तिथं काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते सहा कवड्यांवर. शेवटी भीमा ओलांडायची, म्हणून खेळाचं नाव ‘पल्याड’. रेल्वे वसाहतीतली माणसं रोज दुपारी हा खेळ खेळायची. शिरूरचा एक छापखानेवाला दोनशे प्रती काढायला तयार झाला होता. अंजना तिथल्याच वाचनालयात ग्रंथपाल होती, म्हणून छापायची स्वच्छ प्रत तिनं करायची असं ठरलं. आता एकच पान उरलं होतं.

एवढ्या महिन्यांत बापलेकींचं भांडण मात्र एकच होतं.

“आबा, आडाचं वर्णन अठरा ओळी आहे. किती कवड्या उताण्या पडल्या म्हणजे माणूस वर येतो, ते एकोणिसाव्या ओळीत. कोण शोधणार?”

“ज्याला वर यायचंय त्यो शोधंल की.”

“तुम्ही केबिनमध्ये असं चालवलं असतं का?”

“न्हाई. रुळावर नियम म्हंजी जीव.” शंकरराव कप पुसत म्हणाले, “पर गाडीत बसनारा नियमासाठी बसतोय व्हय? त्याला गावाला जायचं असतं. तुझी प्रत वाचून त्यो तिकीट काढंल, अंजे. गाव कुठाय त्यात?”

ती हसली आणि तिनं बारा ओळी कापल्या. त्यांनी कापू दिल्या.

मग त्यांनी शेवटचं पान पुढं केलं. ते त्यांनी त्याच दिवशी पहाटे लिहिलं होतं. त्यात भीमेचा घाट होता. अंजना वाचू लागली. चौथ्या-पाचव्या ओळीत एका बाईची घागर आली आणि तिची नजर तिथंच अडली. तिनं पान खाली ठेवलं.

“यात नियम कुठं आहे?” तिचा आवाज तिला वाटला त्याहून कोरडा निघाला. “नुसती नदीच नदी. खेळणाऱ्यानं काय करायचं?”

शंकररावांनी तिच्याकडं पाहिलं. “बरं,” ते म्हणाले. पान वहीतून फाडलं, दोनदा दुमडलं आणि शेगडीत घातलं. “लिही तुझ्या मनानं.”

तिनं लिहिलं: नदी ओलांडायला चार कवड्या उताण्या.

संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. सोमवारी सकाळी शंकरराव नळावर रिकामी बादली घेऊन रांगेत उभे होते. उभ्याचे खाली बसले, ते परत उठले नाहीत. बादली कुणीतरी त्यांच्या हातातून सोडवली.

आबांच्या पुण्यानुमोदनाला पाटस, भांडगावहून माणसं आली. वंदना झाली, जेवणं झाली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. अंजनाचे डोळे कोरडेच होते. तेवढ्या दिवसांत ती एकच गोष्ट करत होती: ते पान आठवत होती. छापखान्याला शुक्रवारी प्रत द्यायची होती. तिच्या त्या एका ओळीनं आबांचं पुस्तक संपवायला तिचा हात धजेना. पण अख्खी पुस्तकं तोंडपाठ असणाऱ्या तिला ते एक पान काही सापडत नव्हतं. घागर आठवे. घागरीच्या अलीकडचं धूसर होतं आणि पलीकडं काहीच नव्हतं.

दुपारी चारच्या सुमाराला ओट्यावर दोघंच मागं राहिली. हरिबा हा शंकररावांच्या बरोबरीचा पॉइंटमन, अंगठेबहाद्दर. सारजाबाई शेजारची, भाजी विकायची. दोघंही पहिल्यापासूनचे वाटसरू.

“पोरी, एकडाव खेळू,” हरिबा म्हणाला. “तू वाच. छापायच्या आधी त्याचा खेळ पुरा तरी हुंदे.”

“मी वाचणार म्हणजे नियमच वाचणार, मामा.”

“वाच गं बाई. तुझे नियम काय चावत न्हाईत,” सारजाबाई म्हणाली. सगळ्या दिवसात अंजना पहिल्यांदा हसली.

तिनं स्वच्छ प्रत उघडली. पहिलं पान आडाचं होतं.

“खालनं पुदिन्याचा वास येतोय,” सारजाबाई म्हणाली. पुदिना होता खरा, पण तो कापलेल्या बारा ओळींत. अंजनानं मनाशी म्हटलं, ही माणसं शंभरदा खेळली आहेत, आठवत असेल.

पडक्या चौकीपाशी हरिबानं दाराला हात लावायच्या आधी कडी गार असल्याचं सांगितलं. तेही कापलेलंच होतं. आठवत असेल.

मग घाट आला. अंजनानं वाचलं, “नदी ओलांडायला चार कवड्या उताण्या.”

हरिबानं कवड्या उचलल्या नाहीत.

“घाटाला अकरा पायऱ्या आहेत,” तो म्हणाला. “अकरावी पाण्याखाली आहे. ती पायाला सापडते, डोळ्यांना नाही.”

अंजनानं मान वर केली. हरिबाच्या तोंडात जन्मात ‘आहे’ आलं नव्हतं. तो ‘हाय’ म्हणायचा.

“दहाव्या पायरीवर एक बाई घागर घासत बसली आहे,” सारजाबाई म्हणाली. ती अंजनाकडं पाहत नव्हती, समोरच्या कडुनिंबाकडंही नव्हती. “घागर तांब्याची आहे. बुडाला डाग दिलेला आहे. भरली की तिथून एक थेंब गळतो, आणि बाईच्या पदराची डावी कड नेहमी ओली असते.”

आईचा पदर. आई जाऊन एकवीस वर्षं झाली होती. अंजनानं वाचलं होतं ते इथवर.

तिनं मांडीवर कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली. हात आपोआप चालू लागला.

“ती मागे वळून पाहत नाही,” हरिबा म्हणाला. “पण कोण आले ते तिला पावलांवरून कळते.”

“आज तिच्याशेजारी एक म्हातारा बसला आहे,” सारजाबाई म्हणाली. “त्याच्या हातातली बादली रिकामी आहे. त्याला घाई नाही.”

पेन्सिल क्षणभर थबकली.

ओट्यावर ऊन होतं. शेडमध्ये कुठलंच इंजिन वाजत नव्हतं.

“नियम,” हरिबा म्हणाला. “येथे कवड्या टाकू नयेत.”

“आजवर जे बोललो नाही,” सारजाबाई म्हणाली, “ते वाटसरूने मोठ्याने बोलावे.”

“मग नाव काठाला लागते.”

पान तिथं संपलं.

नियम होता. पानाच्या तळाशी, तीन ओळींत, लहान मुलालाही कळेल असा. ती तिथवर पोचलीच नव्हती.

“मामा,” तिनं हळूच विचारलं, “हे तुम्हाला कधी सांगितलं आबांनी? रविवारी संध्याकाळी?”

“रविवारी मी पाटसला, लेकीकडं.” हरिबा डोळे चोळत होता. “आन् मला कशाला सांगंल? आत्ताच तर आयकतोय.”

“कुणाकडून?”

“कुनाकडनं म्हंजी? वाचतीयास तर तू.”

अंजनानं सारजाबाईकडं पाहिलं.

“व्हय बाई. चांगलं वाचलंस,” सारजाबाई पदरानं नाक पुसत म्हणाली. “शंकरमामावानी. मधी बादलीपाशी जरा थांबलीस तेवढी.”

स्वच्छ प्रतीवर एकच ओळ होती, तिच्या हातची. मांडीवरच्या कागदावर मात्र पान पुरं झालं होतं.

तिला भ्यायला हवं होतं. पण छातीवरचा दगड कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. आबांनी नियम लिहिला होता. वर्णनाच्या पोटातच लिहिला होता. शुक्रवारी ही प्रत जाईल, आणि ते कापलेले सगळे पुदिने, सगळ्या गार कड्या जागच्या जागी बसवून जाईल.

“मग?” हरिबानं कवड्या तिच्यापासून दूर सारल्या. “नाव कवा लागायची? आमचं बोलनं नंतर. आधी वाचनारीची पाळी.”

अंजनानं समोर पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. कोरड्या फरशीवर, ओट्याच्या पायरीला लागून, एक थेंब पडला होता. मग त्याच्या शेजारी दुसरा.

ती सरळ बसली, आणि शाळेत धडा वाचतात तशा मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाली,

“आबा, मी ते पान अर्धंच वाचलं होतं. आई दिसली आणि मला पुढं वाचवेना, म्हणून मी नियमाचं निमित्त केलं. फार चांगलं लिहिलं होतं तुम्ही. सगळंच. मी एकदाही सांगितलं नाही.”