खिडकी आणि काटा

रविवारची जेवणं आटोपली, आई जरा आडवी झाली, आणि ती नेहमीसारखी विमान घेऊन निघाली.

विमान म्हणजे टेबलावरचा संगणक, भावाने परगावी जाताना मागे ठेवलेली जॉयस्टिक आणि कानावरचे हेडफोन. पण एकदा का पडद्यात शिरली की तिला खोलीचा विसर पडायचा. आठवडाभर मामांच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि रविवारी स्वतःचे डोळे मोकळे सोडायचे, हा तिचा दोन वर्षांचा शिरस्ता होता.

तिची उडायची रीत साधी होती. खाली बघायचं. नदी दिसली की नदीच्या कडेकडेने, रूळ दिसले की रुळांवरून... ढग आला तर त्याला लांबून वळसा. नजरेने उडणाऱ्यांचा तो पहिलाच नियम. दुसरी मंडळी काट्यांवर उडायची. समोरच्या तबकड्यांवरचे काटे सांगतील तसं ढगातून, पावसातून बिनदिक्कत जायची, खिडकीबाहेर ढुंकूनही बघायची नाहीत. तिला त्यांची कीव यायची. एवढं आकाश हाताशी आणि बघायचं काय, तर काटे.

त्या खेळात शेकडो हौशी लोक एकाच वेळी उडत असत, आणि तसेच काही हौशी कंट्रोलर बनून त्यांना रेडिओवरून वाट दाखवत. प्रत्येकाला टोपणनाव होतं. तिचं होतं खिडकी.

त्या दिवशी डोंगराच्या कुशीतलं एक तळं बघण्याच्या नादात ती ढगात घुसली. पडदा पांढराफेक झाला. विमान सरळ चाललंय असं तिला वाटत होतं, पण वाऱ्याचा आवाज मात्र चढत चालला होता. खेळच तो, तरी ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

“खिडकी, कंट्रोल बोलतोय.” आवाज शांत होता, जरासा खोल. “बाहेर बघू नका. समोरची मधली तबकडी बघा, अर्धी निळी, अर्धी तपकिरी. पंख त्या रेषेला समांतर आणा.”

तिने पाहिलं आणि ती चरकली. विमान डावीकडे पार कलंडलं होतं. तिने जॉयस्टिक हळूच उजवीकडे नेली.

“छान. आता दिशा दोन-सात-शून्य. सावकाश खाली. मी आहे.”

‘मी आहे’ हे कुठल्याही नियमावलीत नव्हतं, हे नंतर तिच्या ध्यानात आलं. त्या क्षणी फक्त ढग फाटला आणि ओली, लांबलचक धावपट्टी समोर आली. उतरल्यावर तिने आभार मानले, नाव विचारलं. उत्तर बोलून नाही, लिहून आलं — काटा. ती एकटीच खोलीत खुदकन हसली.

कंट्रोलवर नसला की तोही उडायचा, पण फक्त काट्यांवर. मग त्यांचा करार ठरला. एका रविवारी त्याने तिला काट्यांवर उडायला शिकवायचं, पुढच्या रविवारी तिने त्याला बाहेर बघायला शिकवायचं. ती भराभर शिकली. तो मात्र शुद्ध ढ निघाला. लख्ख उन्हात, खाली भलीमोठी नदी वाहत असताना, त्याने नदी कुठे आहे म्हणून विचारलं तेव्हा तिने डोक्याला हात लावला. उजवीकडे मान वळवा, म्हणाली. त्याने मान वळवली असावी, कारण मग पडद्यावर अक्षरं उमटली: ‘सुंदर आहे. मी इथून चारशे वेळा गेलोय.’

असे पाच महिने गेले. एक गोष्ट मात्र तिला खटकायची. रेडिओची ठरलेली वाक्यं तो झऱ्यासारखी बोलायचा. उंची, दिशा, परवानगी, सगळं कसं स्वच्छ. पण तिने काही वेगळं विचारलं, दिवस कसा गेला, जेवण झालं का, की नुसती शांतता... आणि मग लिहिलेलं उत्तर. एकदा तिने चिडवलं, “तुम्हाला शब्द मोजून मिळतात का हो?”

‘हो,’ त्याने लिहिलं. ‘आजचे संपले.’

ती हसली, पण मनात कुठेतरी टोचलं. आपणच जीव लावून बसलो की काय, असं तिला वाटायला लागलं.

शेवटी तिनेच धीर केला. तो त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला राहत होता. कसली तरी यंत्रं दुरुस्त करतो, एवढंच तिला ठाऊक. तिने मात्र मामांच्या दुकानाच्या पत्त्यासकट सगळं सांगून टाकलं होतं. खऱ्या विमानतळाच्या कुंपणापाशी, शनिवारी अकरा वाजता भेटू या, असं तिने सुचवलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘येतो.’

तो आला नाही. निळा ड्रेस घालून ती कुंपणाला टेकून दीड तास उभी राहिली. तीन विमानं उतरली, एक उडालं. घरी आल्यावर तिने जॉयस्टिक कपाटात टाकली. त्याचे निरोप येत होते, तिने एकही उघडला नाही. आईने विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला त्या खेळाचा.

तीन आठवड्यांनी, दुपारी चारच्या सुमाराला, दुकानात एक गिऱ्हाईक आलं. तिशीचा, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टाची बाही पुन्हा पुन्हा नीट करणारा माणूस. काही न बोलता त्याने मामांपुढे एक चिठ्ठी सरकवली. डोळे तपासायचे होते. मामांनी त्याला आतल्या खोलीत पाठवलं.

तिने त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम बसवली, पट्टी घेऊन दोन बुबुळांमधलं अंतर मोजायला वाकली. माझ्या कपाळाकडे बघा, असं ती सगळ्यांना सांगायची, तसं त्यालाही सांगितलं. तो कपाळाकडे बघेना. थेट तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्या बघण्यात आगाऊपणा नव्हता, घाबरलेपण होतं. पट्टीवरचा आकडा तिला दोनदा वाचावा लागला.

मग तिने भिंतीवरची वरची ओळ वाचायला सांगितली. त्याने तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवरच अडलं. मान ताठली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घाई नाही, ती म्हणाली. त्याने डोळे मिटून घेतले.

“खिडकी, काटा बोलतोय,” तो म्हणाला, शांत, खोल, एकदाही न अडखळता. “ऐकू येतंय का?”

तिच्या हातातली भिंगं पेटीत खळ्ळकन पडली. आधी अंगभर काहीतरी उमललं आणि पाठोपाठ तीन आठवड्यांचा राग उसळून आला.

“दीड तास उभी होते मी.”

“मा... माहीत आहे.” त्याने डोळे उघडले. “मी स-समोरच होतो. बस स्टॉपवर. निळा ड्रेस...” तो थांबला, श्वास घेतला. “वाटलं, मी तोंड उघडलं की... तू ज्या आवाजाशी ब-बोलतेस, तो तुला सापडणारच नाही.”

रेडिओवर तसं होत नाही, हे त्याने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तिथे वाक्यं ठरलेली असतात, फक्त म्हणायची असतात. स्वतःचं वाक्य करायचं म्हटलं की पांढरंफेक होतं सगळं. बोलता बोलता त्याचा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला. तिने पेन उचललं आणि खिशात टाकलं.

“लिहू नकोस. बोल.” ‘तुम्ही’ कधी गळालं, तिलाही कळलं नाही.

“वे... वेळ लागेल.”

“दुकान आठपर्यंत उघडं असतं.”

तो कसंनुसं हसला. मग म्हणाला, “मला तू आ... आ...”

शब्द अडला. कुठला शब्द येऊ घातलाय ते तिला कळलं होतं, तिच्या जिभेच्या टोकावरच होता तो, पण तिने तो त्याच्या तोंडून काढून घेतला नाही. फ्रेमच्या दोन गोल रिंगणांतून तो तिच्याकडे बघत राहिला. बाहेर एक बस थांबली, माणसं उतरली, बस निघून गेली. ती हातांची घडी घालून, हलकेच टेबलाला टेकून थांबली होती. तिला कुठेच जायचं नव्हतं.

“...आवडतेस,” तो म्हणाला, आणि मैलभर धावून आल्यासारखा त्याने श्वास सोडला.

तिने पुढे होऊन त्याच्या नाकावरची फ्रेम अलगद काढली. नाकावर दोन लाल खुणा उमटल्या होत्या. त्यातल्या एकीवर तिने अंगठा टेकवला.

“परत म्हण.”

त्याने परत म्हटलं. पहिल्यापेक्षा जास्तच वेळ लागला, आणि दोघंही मध्येच हसू लागल्यामुळे वाक्य पुरं झालं की नाही ते सांगता येणार नाही.

खोलीच्या दाराचा पडदा बाजूला झाला. मामा दारात उभे होते. एवढा वेळ कसला लागतोय, नंबर फार निघाला का, म्हणून बघायला आलेले. तिने झटकन हात मागे घेतला.

“नंबर काही नाही, मामा. डोळे ठणठणीत आहेत यांचे.”

“मग आले कशाला होते?”

ती उत्तर देणार, तेवढ्यात त्याने हात वर केला. तो खुर्चीतून उठून मामांपुढे सरळ उभा राहिला. मान ताठली, ओठ थरथरले. मामा थांबले. आयुष्यभर लोकांना खालची ओळ वाचेपर्यंत वेळ देणारा तो माणूस, पापणीही न लववता थांबला.

“ब... ब... बोलायला.”

मामांनी एकदा भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“मग बसा की,” ते म्हणाले, “उभ्या उभ्या कशाला बोलताय?”