नदीपलीकडची अठरा घरं

लाँचवाला पहिल्यांदा आला तो ओल्या बाह्यांनीच टेबलावर वाकला, आणि तिने नदीखोऱ्याचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा पटकन मागे ओढला.

“आधी हात पुसा... मग बघा.”

त्याने हात पुसले. कान मात्र लाल झाले.

जुने नकाशे जपणं हे तिचं काम. कचेरीत तिला सगळे नकाशेबाईच म्हणत. तो धरणाच्या पाण्यावर लाँच चालवायचा. ज्या पाण्याखाली वडिलांचं गाव गेलं, त्याच्यावरूनच रोज माणसांची ने-आण करायचा. वडील आता अंथरुणाला खिळलेले. दिवसातून दहा वेळा म्हणत, “मला घरी ने.” ते घर निदान कागदावर तरी दाखवावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

दर बुधवारी तो येऊ लागला. दोघं डोकी जवळ आणून टेकड्या, ओढे, पायवाटा धुंडाळत. कधी बोटाला बोट लागे – आणि मग दोघंही घाईने दुसराच ओढा शोधू लागत.

“तुम्हाला कंटाळा नाही येत?”

“नकाशांचा? नाही.”

“माझा विचारतोय.”

“बुधवारी तरी नाही,” ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

चौथ्या बुधवारी उलगडा झाला. गाव होतं नदीपलीकडे, आणि नकाशा करणारे मोजणीवाले अलीकडच्या काठावरूनच परतले होते. पलीकडे नुसता कोरा कागद.

“तुम्हीच काढा ना चार घरं. बाबांना काय कळणार?”

“खोटं नाही काढणार मी.” पण त्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना. “त्यांनाच विचारून काढते.”

रविवारी ती कागद-पेन्सिल घेऊन त्याच्या घरी गेली. म्हातारा अडखळत सांगत गेला – उतार, विहीर, अठरा घरं, कुणाचं दार कुठल्या दिशेला... ती रेखाटत गेली. शेवटच्या घरावर त्याने बोट टेकवलं.

“हे आपलं, सूनबाई.”

“बाबा, अहो, या...” लाँचवाला ओशाळला. तिने त्याला नजरेनेच गप्प केलं.

गुरुवारी वडील गेले.

पुढच्या बुधवारी तो कचेरीच्या दारातच थबकला. “आता कुठल्या निमित्ताने येऊ?”

“बसा आधी.”

तो बसला, आणि इतके दिवस कोंडलेलं रडू फुटलं. तिने खुर्ची शेजारी ओढून त्याचा हात हातात घेतला. रडू ओसरल्यावर म्हणाली, “मला तुम्ही आवडता. हे बोलायला आजचा दिवस बरा नाही... पण उद्यापासून तुम्ही आलाच नाहीत तर?”

“उद्याही येईन,” तो म्हणाला, आणि त्याने हात सोडवून घेतला नाही.