डब्यावरचा केपवाला

थंडीतली सकाळ. सहा वाजायचे होते आणि बाहेर अजून काळोखच होता. कुकर गॅसवर चढवून तनुजाने स्टिकी नोट्सचा पिवळा गठ्ठा पुढे ओढला आणि मार्कर उघडला. पूर्वाच्या डब्यावर रोज एक चित्र गेलंच पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

खरं तर हे काम सलिलचं. कार्टूनमधली मांजर, सिनेमातला केपवाला सुपरहिरो, मालिकेतली खाष्ट सासू... रोज एक पात्र तो दोन मिनिटांत काढायचा आणि लेकीच्या डब्यावर चिकटवायचा. गणपतीनंतरच्या आठवड्यात हिंजवडीहून परत येताना अपघात झाला आणि सलिल गेला. तेव्हापासून आठ वर्षांच्या पूर्वाचा डबा भरलेलाच परत यायला लागला. पोर वाळून चालली. मग तनुजाने कंबर कसली. आयुष्यात तिची एक रेघ कधी सरळ आली नव्हती. तिचा पहिला केपवाला हुबेहूब वांग्यासारखा दिसत होता, पण त्या दिवशी डब्यातली एक पोळी संपली. तनुजा बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली.

एक गोष्ट मात्र तिला जमलीच नाही. नोट आडवी ओढून काढली की सपाट राहते, हे सलिलने दहादा सांगितलं होतं. ती आपली खालून वर ओढायची आणि तिची प्रत्येक नोट कडेने वळायची.

सोमवारी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा अंधारात मार्करचा उग्र वास भरला होता. दिवा लावला तर रिकाम्या डब्यावर नोट आधीच चिकटलेली होती. अगदी सपाट. केपवाला त्यांच्या धायरीच्या सोसायटीच्या गेटपाशी उभा होता आणि रेघ कुठेही अडखळलेली नव्हती.

"पूर्वा, हे तू काढलंस?"

"नाही गं..." पूर्वाने चित्र गालाला लावलं. "बाबासारखंच आलंय."

तिचा फुललेला चेहरा बघून तनुजाने ती नोट डब्यावर तशीच राहू दिली. मंगळवारी केपवाला जिन्यात होता. बुधवारी तो त्यांच्याच दारात उभा होता. त्याने पूर्वासारख्या दोन वेण्यांच्या एका मुलीचा हात धरला होता आणि दोघांची तोंडं जिन्याकडे होती.

तनुजाला अर्थ कळला. सलिल लेकीला न्यायला आला होता.

घाबरून ती भिंतीला टेकली. मग तिला राग आला. तिने ती नोट गॅसवर धरून जाळली.

"सलिल," ती अंधाराकडे बघत हळूच म्हणाली, "तुझी फार आठवण येते रे... पण ती नाही. ती माझ्याजवळच राहणार."

तिने नवी नोट ओढली. पदर खोचून, हात पसरून उभी असलेली एक बाई काढली. तिच्या आड दोन वेण्यांची मुलगी. मागे बंद दार आणि दाराला भलीमोठी कडी, दोनदा गिरवलेली. नोट नेहमीसारखी वळली. ती डब्यावर चिकटवून तिने मार्कर आणि गठ्ठा कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. ऑफिसला सुट्टी कळवून तिने पूर्वाला स्वतः शाळेत सोडलं आणि दुपारी स्वतःच घेऊन आली.

डबा रिकामा होता.

"आई, आजचं चित्र भारी होतं," पूर्वा बूट काढत म्हणाली. "पण दार उघडं का काढलंस?"

"बंद आहे ते..."

"नाही गं. बघ ना."

तनुजाने आधी घराच्या दाराची कडी घातली, वरचा बोल्ट सरकवला आणि पूर्वाला जवळ ओढून घट्ट धरलं. ओढणीची गाठ चाचपली. किल्ली जागेवर होती. मग तिने डबा उचलला. बाई तिचीच होती, वाकड्या रेघाही तिच्याच. कडी मात्र बाजूला लोंबत होती आणि दाराला बोटभर काळी फट पडली होती.

नोट अगदी सपाट झाली होती. तिने त्या फटीवर बोट ठेवलं. शाई ओली होती.