आधीच आत गेलेलं तिकीट

"ट्यँ!"

यंत्रावर लाल दिवा लागला. तपासनिसांनी घुमीचं तिकीट बाहीला पुसलं आणि पुन्हा यंत्राखाली धरलं. पुन्हा "ट्यँ!"

"हे तिकीट आधीच आत गेलंय," ते म्हणाले.

"पण मी तर बाहेर आहे!"

रांगेतली माणसं हसली. घुमीला हसू कुठून येणार? पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्यात तिची आई नर्स होती. कितीतरी महिन्यांनी आईला एका दिवसाची सुट्टी मिळाली होती आणि तो दिवस आजचाच होता. मावशी आणि तिचे यजमान, म्हणजे काका, तिला बोटीत बसवून देणार, आई पलीकडच्या धक्क्यावर उतरवून घेणार, असं सगळं ठरलं होतं.

"बाजूला हो बाळ, मागे गर्दी आहे," तपासनीस म्हणाले. बोटीने भोंगा दिला आणि ती घुमीला न घेताच निघाली.

मग मावशी आणि काकांची जुंपली.

"तरी मी सांगत होतो, माझ्या मोबाईलमध्ये तिकीट आहे, तेच दाखवू!" काका म्हणाले. "कागदाची हौस कुणाला होती?"

"मोबाईलची बॅटरी ऐन वेळी मान टाकते! कागद कधी मान टाकतो का?"

"टाकली ना आत्ता!"

दोघांचंही तोंड बंद होईना. घुमी आपल्या पिशवीवर बसून लहान होत जाणाऱ्या बोटीकडे पाहत राहिली. एवढ्या गर्दीत आपण कुणाच्याच नाही, असं तिला वाटलं. मावशी प्रेमळ होती, पण मावशी ती मावशीच. आईचा फोन तर लागतच नव्हता, कारण पलीकडच्या धक्क्यावर सिग्नल कधी यायचाच नाही.

शेवटी सगळे मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले. बाईंनी पडद्यावर पाहिलं. "नोंद अगदी स्पष्ट आहे. उजाडता उजाडताच तू आत गेल्याचं दिसतंय. तिकिटाचा फोटो कुणाला पाठवला होता का? कुणीतरी वापरलं असणार. दुपारची बोट भरलेली आहे. एक राखीव जागा असते, पण ती चूक आमची असेल तरच देता येते. चौकशी करू, उद्या या."

उद्या! उद्या आई कामावर असणार होती.

बाहेर मावसभाऊ वाट पाहत होता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. त्याच्याबरोबर झेरॉक्सही होती. तिची आई धक्क्याजवळ तिकिटं छापून द्यायचं दुकान चालवायची आणि ही दिसायला हुबेहूब आईसारखी, म्हणून ते नाव. घुमीला घुमी का म्हणत, हे सांगायलाच नको.

"चोर! शंभर टक्के चोर!" रेडिओ सुरू झाला. "खोटी दाढी लावून बोटीत बसला असणार!"

"घुमीच्या तिकिटावर दाढीवाला?" झेरॉक्सने कपाळाला हात लावला. पण तिचा चेहरा उतरला होता. "या आठवड्यात आणखी दोघांचं असंच झालंय. सगळी तिकिटं आमच्याच दुकानात छापलेली. लोक आईवरच संशय घ्यायला लागलेत."

घुमी हातातल्या तिकिटाकडे बघत होती. मग म्हणाली, "उजाडताना बोट होती कुठे?"

"कुठे म्हणजे? पलीकडे. ती तर उन्हं आल्यावर येते," रेडिओ म्हणाला आणि चक्क थांबला. "अरेच्चा! मग चोर काय पाण्यावर मांडी घालून बसला?"

"चोर नाहीच. तेव्हा फाटकावर असतं कोण?"

"फक्त तपासनीस!" दोघं एकदम ओरडली.

"हळू! आता दुपारच्या बोटीआधी ते काय करतात, ते बघायचं. झेरॉक्स, तू दुकानात थांब. आम्ही फाटकापाशी बसतो."

ऊन डोक्यावर आलं. फाटकाजवळच्या बाकावर रेडिओ शेंगा खात बडबडत होता. घुमीला एकच विचार सुटत नव्हता. सकाळच्या बोटीतून सगळे उतरले असतील, आईने एकेक चेहरा पाहिला असेल. मग काय वाटलं असेल तिला? घुमीला रडू आलं, म्हणून ती उठून नळावर तोंड धुऊन आली.

तेवढ्यात तपासनीस आले. त्यांनी यंत्र चालू केलं, खिशातून एक चुरगळलेला कागद काढला आणि यंत्राखाली धरला. "टिंग!" हिरवा दिवा लागला. त्यांनी समाधानाने मान हलवली.

"तपासनीस काका, हे कशाला?" घुमीने अगदी साळसूदपणे विचारलं.

"यंत्र जागं आहे की झोपलंय, ते बघतो! दुकानातल्या रद्दीतलं एखादं तिकीट घ्यायचं. पण कालच्या बोटीचं चालत नाही हं, त्याला लाल लागतो. ताजंच लागतं. डोकं वापरावं लागतं, पोरी!"

असं म्हणून त्यांनी त्याच कागदाने चष्मा पुसला आणि तो टोपलीत टाकला. घुमीला एकदम आठवलं. काल तिचं तिकीट छापताना पहिल्या प्रतीत नावावर शाईचे फराटे आले होते. झेरॉक्सच्या आईने ती रद्दीत टाकून दुसरी दिली होती. पण त्या पहिल्या प्रतीवरचा, यंत्र वाचतं तो काळा चौकोन चांगलाच होता!

रेडिओने टोपलीतला कागद हळूच उचलला. त्यावरही फराटे होते. तेवढ्यात झेरॉक्स धापा टाकत आली. "तपासनीस मघाशी रद्दीतला सगळ्यात वरचा कागद घेऊन गेले! अरे, हाच तो! टोपीवाल्या आजोबांचा, आज सकाळीच आमच्याकडे छापलेला. दुपारच्या बोटीचा!"

"आत्ताच्या आत्ता तपासनिसांना जाब विचारतो!" रेडिओ उसळला.

"नको. ते म्हणतील, पोरांचा खेळ आहे." घुमी उठली. "मी बाईंकडे जाते."

मावशी आणि काका अजून मोबाईल की कागद यावरच अडले होते. त्यांना हाक मारावी असं तिला वाटलं, पण ऐकणार कोण? ती एकटीच बाईंच्या खोलीत शिरली. 

"बाई, आता एक टोपीवाले आजोबा येतील. त्यांच्या तिकिटाला लाल दिवा लागेल. तुम्ही या आणि स्वतः बघा."

"तुला काय भविष्य कळतं?" बाई हसल्या, पण उठल्या.

रांगेत टोपीवाले आजोबा आले. कागद यंत्राखाली गेला. "ट्यँ!"

बाईंचं हसू मावळलं.

"काळजी नको!" आजोबा ऐटीत म्हणाले. "मी दोन्ही आणलंय!" त्यांनी मोबाईल पुढे केला. "ट्यँ!"

"कागद असो नाहीतर मोबाईल, दोन्हींवरचा चौकोन एकच असतो," घुमी म्हणाली. "तो एकदाच चालतो. आजोबांचा चौकोन या तपासनीस काकांनी यंत्र तपासताना वापरून टाकला. हा बघा तो कागद. आणि सकाळी माझा!"

रेडिओने कागद पुढे धरला. तपासनिसांनी तो उलटसुलट पाहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! मी तर... मला वाटलं, रद्दीच आहे!"

"आणि मी नोंद वाचली, पण वेळेचा विचारच केला नाही," बाई म्हणाल्या. "बोटच नसताना माणूस चढेल कसा? शाब्बास पोरांनो! आम्ही मोठी माणसं पडद्यावर विश्वास ठेवून बसलो, समोरच्या मुलीवर नाही. आजोबा, तुम्ही चला आत. आणि राखीव जागा हिची!"

तपासनिसांनी कान पकडले. बाईंनी स्वतः दुकानात जाऊन झेरॉक्सच्या आईची माफी मागितली, तेव्हा झेरॉक्सच्या जिवात जीव आला. मावशी आणि काकांना एकमेकांकडे बघवेना.

"माझी गुणाची पोर," मावशी डोळे पुसत म्हणाली. "सकाळपासून आम्ही भांडत बसलो, तुझ्याकडे पाहिलंच नाही गं."

बोट सुटली. रेडिओ काठावरून काहीतरी ओरडत होता, झेरॉक्स दोन्ही हात हलवत होती. मग ती दोघंही दिसेनाशी झाली आणि पाण्यावर पुन्हा घुमी एकटी उरली. आई कंटाळून परत गेली असेल तर? पलीकडे आपल्याला न्यायला कुणीच नसेल तर?

पलीकडच्या धक्क्यावर दोराच्या वेटोळ्यावर एक बाई बसलेली होती. मांडीवर जेवणाचा डबा होता, तोही न उघडलेला. बोट लागताच ती ताडकन उठली.

"सकाळपासून इथेच आहे मी," आई म्हणाली. "वाटलं, तू माझ्यावर रुसलीस. म्हणून आली नाहीस."

"रुसलेच आहे," घुमी म्हणाली. "पण रुसायला तरी समोर माणूस लागतं ना, आई!"

आईने तिला घट्ट जवळ घेतलं. उतारू त्या दोघींच्या बाजूने वाट काढत निघून गेले, तरी कितीतरी वेळ आईने तिला सोडलं नाही.