झडप उघडली तेव्हा

लिफ्टचं दार मिटता मिटता एक उंच तरुण आत घुसला आणि त्याच्या कपातला चहा धम्मप्रियाच्या पांढऱ्या ॲप्रनवर सांडला.

"सॉरी... भाजलं का?"

"मला नाही, ॲप्रनला," ती म्हणाली. "नातेवाइकांनी जिन्यानं जायचं असतं."

तो निमूटपणे बाहेर पडला. वर नवजात बाळांच्या विभागात मोठ्या डॉक्टरांनी ओळख करून दिली – "हे आपले नवे हृदयतज्ज्ञ, डॉक्टर नंदीश." धम्मप्रियाचे कान तापले.

"जिन्यानंच आलो हं, सिस्टर," तो हळूच म्हणाला.

तेव्हापासून तो दिसला, की ती उगाचच सलाईनच्या नळ्या नीट करू लागे.

पावसाळा सरता सरता मंद्रूप गावाहून एक बाळ आलं. ओठ निळे, श्वास तुटका. फुप्फुसाकडं रक्त नेणारी हृदयाची झडप जन्मतःच जवळजवळ बंद होती. बाळाची आजी राजाबाई दाराशीच खाली बसली होती. "जगंल न्हवं का वो?"

नंदीश तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी, झडप चिकटलीय. पायाच्या शिरेतून बारीक नळी घालून फुग्यानं उघडतो. धोका हाय, खोटं नाही सांगत. पण आमी सगळे त्याच्यापाशीच हाय."

एवढं साधं, एवढं खरं बोलणारा डॉक्टर धम्मप्रियानं पाहिला नव्हता.

आत तिनं ओंजळभर जीव उबेत ठेवला. नळीतली बारीक तार झडपेतून जाईना. पडद्यावरचा ऑक्सिजन घसरू लागला. नंदीशनं तार मागं घेतली.

"ठोके?"

"मंदावलेत..." तिचा आवाज शांत होता. "आता सावरले."

त्यानं पुन्हा तार सरकवली, सुईत धागा ओवावा तितक्या हळुवारपणे. ती पार गेली. फुगा क्षणभर फुगला, मिटला... आणि निळ्या ओठांवर हळूहळू गुलाबी रंग चढला.

बाहेर राजाबाई पदरात तोंड लपवून रडली. नंदीश खिडकीशी उभा होता. त्याचे डोळेही ओले होते.

"तुम्ही घाबरला नव्हतात?" धम्मप्रियानं विचारलं.

"घाबरलो की. पण तुमचा आवाज ऐकला..." तो तिच्याकडं वळला. "आईला सांगितलंय तुमच्याबद्दल."

"काय सांगितलंत?" तिनं नजर वळवली. "आम्ही बौद्ध, तुम्ही लिंगायत, हे सांगितलंत?"

"सगळं सांगितलं. ती म्हणाली, मुलगी काय म्हणते? म्हटलं, अजून... विचारलंच नाही."

धम्मप्रियानं त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"मग विचारा की."